काही झालं की या

पोलीस चौकीतल्या त्या साहेबांचा मला खरंतर राग नाही. माणूस बरा होता. बसा म्हणाला, पाणी मागवलं, माझ्या मोबाईलवरचे मेसेज एकेक करत खालपर्यंत बघितले, मधे दोनदा "हं" केलं आणि मग मोबाईल परत देत विचारलं, "मॅडम, पण याने अजून केलंय काय?" मी म्हटलं केलंय काय म्हणजे, सहा वेगवेगळ्या नंबरांवरून मेसेज आलेत, काल कुठल्या रंगाचा ड्रेस घातला होता ते लिहिलंय, माझ्या खोलीतला दिवा रात्री किती वाजता बंद झाला ते लिहिलंय. "हो, ते बघितलं मी. पण हात लावला का? अडवलं का कुठे? मारीन वगैरे काही म्हणाला का?" नाही. यातलं काहीच नव्हतं. "मग असं करा, काही झालं की या."

याला आता बरीच वर्षं झाली. मेसेज पाठवणारा तो माणूस कोण होता हे सांगण्यात मला रस नाही (ओळखीतलाच होता, एका कामात काही महिने सोबत होता, एवढं पुरे), पण ते शब्द काही डोक्यातून जात नाहीत. काही झालं की या. म्हणजे आत्ता जी मी समोर बसलेय, हातपाय धड, कुठे खरचटलेलंसुद्धा नाही, ती अजून कोणीच नाही. उद्या जिचं काहीतरी होणार आहे, किंवा होणार नाहीये, तिला यायला सांगितलंय. आणि सगळ्यात वाईट जे होऊ शकतं तेच झालं तर ती येणार कशी, हे मला चौकीच्या पायऱ्या उतरताना सुचलं आणि चक्क हसू आलं. बाहेर उभी असलेली मैत्रीण म्हणाली, झालं ना काम? मी हसतेय म्हणजे झालंच असणार असं वाटलं तिला.

नंतर मी याला काय म्हणतात ते शोधायला लागले, तर आपल्याकडे या अवस्थेला नीट शब्दच नाहीये. पेपरात 'संभाव्य पीडित' लिहितात, पण असं कोणी बोलतं का, मी सध्या संभाव्य पीडित आहे म्हणून? 'बळी' म्हणावं तर तो देऊन झालेला असतो. इंग्रजी व्हिक्टिमचं मूळही तेच, लॅटिनमधलं विक्टिमा म्हणजे देवापुढे कापायचं जनावर. मराठीत वर आणखी गंमत अशी की बळी म्हणजे बलवानसुद्धा, बळी तो कान पिळी मधला, त्यामुळे कान पिळणारा आणि ज्याची मान जाते तो, दोघं एकाच शब्दात मुक्कामाला. त्यातल्या त्यात जवळचा शब्द सापडला 'सावज'. पण सावज हा शिकाऱ्याचा शब्द आहे, तो बघतोय म्हणून ते सावज. जनावर गवत खाता खाता मधेच मान वर करून कान टवकारून उभं राहतं ना, तेव्हा त्याचं जे काय चाललेलं असतं त्याला शब्द नाही.

कायद्याच्या कागदांवरही तेच. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नोव्हेंबर १९८५ मध्ये गुन्हे आणि सत्तेचा गैरवापर यांना बळी पडलेल्यांसाठी एक जाहीरनामा मंजूर केला होता. त्यातली व्याख्या तशी उदार आहे, शारीरिक इजा धरलीय, मानसिक त्रास धरलाय, पैशाचं नुकसान धरलंय. पण क्रियापद भूतकाळातलं. ज्यांनी सोसलंय ते. पुढे असंही म्हटलंय की दुसऱ्या कोणी बळी पडू नये म्हणून जो मधे पडला त्यालाही यात धरावं, अट एवढीच की मधे पडताना त्यालाही लागलेलं असलं पाहिजे. म्हणजे अडवायला गेलेल्यानेसुद्धा आधी मार खाऊनच यायचं!

आता खरं सांगायचं तर त्या काळात मला "काही झालं" नाही हे साहेबांचं म्हणणं हिशेबाला बरोबर होतं. पण मग मी जे करत होते ते काय होतं? कानात हेडफोन एकाच बाजूला. कुठेही बसले तर पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. मोबाईलचं चार्जिंग अर्ध्याच्या खाली गेलं की छातीत धडधड. घरी जायचे तीन रस्ते ठरवले होते आणि रोज कुठला घ्यायचा ते निघायच्या आधी ठरवायचं नाही, आयत्या वेळी पाय नेतील तिकडे, कारण मलाच आधी माहीत नसेल तर त्याला कसं कळेल असं काहीतरी लॉजिक. गाडीत बसले की नंबर मैत्रिणीला. पोचले की पोचले. संध्याकाळी एक क्लास करायचे तो सोडला, क्लासमधल्या लोकांना सांगितलं वेळ जमत नाहीये. खोलीतला दिवा मी सगळ्यात विचित्र पद्धतीने वापरायला लागले, झोप येत असली तरी चालू ठेवायचा, कधी जागी असून बंद करून अंधारात बसायचं, का तर वेळेचा अंदाज येऊ नये. म्हणजे माझ्या घरातल्या दिव्याचं बटण तो बाहेरून चालवत होता, आणि त्याने कशालाही हात लावलेला नव्हता.

आणि सगळ्यात वैताग आणणारी गोष्ट म्हणजे यातलं काहीच कोणाला दाखवता येत नाही. हात मोडला तर प्लास्टर दिसतं. न गेलेल्या रस्त्यावरून आपण गेलो नाही हे कसं दाखवणार? मी जितकी जास्त काळजी घेत होते तितकं "काही झालं" व्हायची शक्यता कमी होत होती, म्हणजे मी चौकीत परत जायच्या लायकीची होऊ नये याची मेहनत मीच करत होते.

पुढे कधीतरी मी या विषयावर भरपूर वाचलं (झोप येत नाही तेव्हा माणूस काय काय वाचतो) आणि कळलं की हाच प्रश्न मोठमोठ्या कोर्टांपुढेही आलेला आहे, आणि त्यांनाही धड एक उत्तर देता आलेलं नाही.

जर्मनीत १९६८ साली एक कायदा झाला, सरकारला लोकांची पत्रं उघडायला आणि फोन ऐकायला परवानगी देणारा, आणि ज्याचे ऐकले त्याला सांगितलंच पाहिजे असं नाही. पाच जण, सगळे कायद्याच्या पेशातले, क्लास नावाचे सरकारी वकील, एक न्यायाधीश आणि बाकी वकील, स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवाधिकार न्यायालयात गेले. तिथे नियम असा की तक्रार बळी असलेल्यानेच करायची. सरकारचं म्हणणं, तुमचे फोन ऐकलेत याचा पुरावा काय? आता जे गुपचूप करायचं असंच कायद्यात लिहिलंय त्याचा पुरावा कुठून आणायचा. १९७८ मध्ये कोर्टाने हे मान्य केलं. म्हणाले, गोष्टच जर अशी असेल की घडली तरी तुम्हाला कळणार नाही, तर घडली हे सिद्ध करा म्हणणं म्हणजे दारच बंद करणं, तेव्हा या आत. पुढे मूळ केस ते पाचही जण हरले, कायदा ठीक आहे असाच निकाल लागला, पण आत घेतलं. मला त्या आत घेण्याचंच कौतुक वाटलं. हरले तर हरले.

अमेरिकेत बरोबर उलटं. तिथे २००८ च्या पाळतीच्या कायद्याविरुद्ध वकील, पत्रकार, मानवाधिकारवाले असे बरेच जण कोर्टात गेले. परदेशातल्या लोकांशी आम्ही फोनवर मोकळं बोलू शकत नाही, काही वेळा विमानाने जाऊन समोरासमोर भेटावं लागतं, खर्च होतो, हेच आमचं नुकसान. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असा निकाल दिला की इजा होणार हे जवळजवळ नक्की पाहिजे, नुसती भीती पुरत नाही, आणि भीतीपोटी तुम्ही स्वतःच जो खर्च केलात तो दाखवून तुम्ही आत येऊ शकत नाही. हे वाचलं तेव्हा मला माझे तीन रस्ते आठवले आणि तो सोडलेला क्लास. हे तुम्ही स्वतःच केलंत, मॅडम. (त्या निकालानंतर साडेतीन महिन्यांच्या आत स्नोडेन या तिथल्या गुप्तचर खात्यासाठी काम केलेल्या माणसाने फोडलेली कागदपत्रं बाहेर आली आणि पाळतीचा आवाका काय होता ते जगाने बघितलं. पण निकाल तो निकाल.)

याहून मला जास्त डोक्यात गेलेली केस पाळतीची नाहीये, ती अगदी साध्या क्रेडिट रिपोर्टची (माणूस कर्ज वेळेवर फेडतो का याची नोंद) आहे. रामिरेझ नावाचा एक माणूस २०११ मध्ये गाडी घ्यायला गेला, शोरूमवाल्यांनी त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढला, तर त्यात आलं की याचं नाव अतिरेकी वगैरेंच्या सरकारी यादीतल्या नावाशी जुळतंय. गाडी द्यायला नकार. रिपोर्ट बनवणारी ट्रान्सयुनियन कंपनी फक्त नाव-आडनाव जुळवत होती, जन्मतारीख वगैरे काही नाही. शोधल्यावर असे ८,१८५ लोक निघाले ज्यांच्या फाइलवर हा शिक्का होता. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की यातल्या १,८५३ जणांचे रिपोर्ट बाहेर कोणाला तरी पाठवले गेले, त्यांना इजा झाली, उरलेल्या ६,३३२ जणांच्या फायली कंपनीतच पडून होत्या, त्यांना नुकसानभरपाई मागायचा हक्क नाही. न्यायमूर्तींनी उदाहरण दिलं की कोणी एखाद्याची बदनामी करणारं पत्र लिहिलं आणि आपल्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं, तर बदनामी झाली का? हाही निकाल पाच विरुद्ध चार.

मी या ड्रॉवरवर फार विचार केलाय. तर्क म्हणून बिनतोड आहे, नाही असं नाही. पण ड्रॉवर माझा नाहीये ना. किल्ली माझ्याकडे नाहीये. पत्र कधी पाठवायचं ते दुसऱ्याच्या मर्जीवर, आणि मी मात्र काहीच झालेलं नाही अशा थाटात जगायचं. त्या ६,३३२ मधल्या कोणाला उद्या घर भाड्याने घ्यायचं असेल, नोकरीला अर्ज करायचा असेल, तर तो अर्ज भरताना त्याचा हात थबकणारच की.

आणि ज्यांना माहीतच नाही ते? कारण संभाव्य बळी असण्यात निदान कान टवकारायला तरी मिळतं, पण तेही सगळ्यांच्या नशिबी नसतं. तातियाना तारासॉफ नावाची मुलगी होती, कॅलिफोर्नियात. बर्कलीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या पोद्दार नावाच्या मुलाने १९६९ च्या उन्हाळ्यात आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला सांगितलं होतं की मी एका मुलीला मारणार आहे. नाव घेतलं नाही पण कोण ते सहज कळण्यासारखं होतं. डॉक्टरने कॅम्पस पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याला पकडलं, बोलले, मुलगा शुद्धीत वाटतोय, तिच्यापासून लांब राहीन म्हणतोय, सोडून दिलं. तातियाना तेव्हा ब्राझीलला गेलेली. परत आली. २७ ऑक्टोबर १९६९ ला त्याने तिला मारलं. डॉक्टरला माहीत होतं, डॉक्टरच्या वरिष्ठांना माहीत होतं, पोलिसांना माहीत होतं, एवढ्या लोकांना माहीत असलेली गोष्ट फक्त तिला आणि तिच्या आईवडिलांना कोणी सांगितली नाही. आईवडील कोर्टात गेले, १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रुग्णाचं गुपित राखायचं खरं, पण लोकांच्या जिवावर बेतेल तिथे ते संपतं, आणि ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला वाचवायची जबाबदारी डॉक्टरवर येते.

ही केस मी वाचली त्या दिवशी मला त्या घाणेरड्या मेसेजेसबद्दल, कसं सांगू, किंचित बरं वाटलं. निदान मला कळवलं तरी. हे लिहितानाही विचित्र वाटतंय.

असो. घरच्यांचं सांगते, कारण चौकीपेक्षा घरी जास्त झालं. आई पहिल्यांदा म्हणाली, "अगं, पण तू त्याला रिप्लाय कशाला दिलास?" दिला होता मी, अगदी पहिल्या मेसेजला, जोक वाटला म्हणून 'हाहा' लिहिलं होतं. ते 'हाहा' मला पुढे अकरा महिने ऐकावं लागलं. मामा म्हणाला भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तू लक्षच देऊ नकोस. ऑफिसातली एक मैत्रीण, चांगली मैत्रीण, म्हणाली, "यार, तू ना जरा जास्तच फ्रेंडली आहेस सगळ्यांशी." म्हणजे घडलेलं काहीच नाही आणि चूक कोणाची ते ठरून मोकळे. बाकी बळींना दोष घडल्यावर मिळतो, मला ॲडव्हान्समध्ये मिळाला.

हे लोक वाईट नाहीत. मेल्विन लर्नर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी आणि सिमन्स यांनी १९६६ मध्ये एक प्रयोग छापला. त्यात विद्यार्थिनींना एक बाई दाखवायचे, तिचं उत्तर चुकलं की तिला शॉक बसतोय असं (नाटकच होतं, शॉक खोटे). ज्यांना तिचे शॉक थांबवायची संधी दिली त्यातल्या बहुतेकींनी ते थांबवले. पण ज्यांना नुसतं बघत बसायचं होतं, काही करता येणार नव्हतं, त्यांनी नंतर त्या बाईलाच नावं ठेवली, तिच्याबद्दलचं मत खाली आलं. जगात ज्याला त्याला पात्रतेप्रमाणेच मिळतं असं धरून चालल्याशिवाय रात्री झोप लागत नाही माणसाला. आईला झोप लागायची तर माझ्या 'हाहा'मध्येच काहीतरी असायला हवं होतं, कारण नाहीतर मग उद्या हे माझ्या बहिणीलाही होऊ शकतं, कोणालाही होऊ शकतं. मला तेव्हा हे कळलं असतं तर मी तिच्याशी इतकी भांडले नसते. किंवा भांडलेच असते, माहीत नाही.

एका हेल्पलाईनवर फोन केला होता मधे. तिथल्या ताई पहिल्या, ज्यांनी "काय केलंय त्याने" असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, किती दिवस झाले, वाढतंय का कमी होतंय, तुम्ही काय काय बदललंत. आणि म्हणाल्या वहीत तारीख-वेळ घालून लिहायला लागा, आजपासून. नंतर कळलं की या प्रश्नांमागे अभ्यास आहे. जॅकलिन कॅम्पबेल नावाच्या अमेरिकेतल्या नर्सने १९८० च्या दशकात नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या मारहाणीत अडकलेल्या बायकांसाठी प्रश्नांची एक यादी तयार केली, आधी कॅलेंडर घ्यायचं, गेल्या वर्षभरात कुठल्या दिवशी काय झालं ते खुणा करायच्या, आणि मग हो-नाही चे प्रश्न, मारणं वाढलंय का, बंदूक आहे का त्याच्याकडे, गळा दाबलाय का कधी, तू सोडून गेलीस का, पाळत ठेवतो का. जिवाला धोका किती ते यावरून जोखायचं. ती यादी घरातल्या माणसासाठी होती, माझा प्रकार वेगळा, पण वहीची कल्पना तीच. कॅलेंडरवर खुणा बघितल्या की बायकांना पहिल्यांदा दिसतं की आपण "कधीतरी होतं" म्हणत होतो ते दर आठवड्याला होतंय. सुटं सुटं बघितलं तर प्रत्येक मेसेज क्षुल्लक. वहीत एकाखाली एक लिहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हे बघा, हे झालंय. काही झालंय.

पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून कायद्यात आला तोही याच वाटेने, सुट्या गोष्टी एकत्र मोजायच्या ठरवल्यावर. कॅलिफोर्नियात १९९० मध्ये, ब्रिटनमध्ये छळाविरुद्धचा कायदा १९९७ मध्ये, भारतात २०१३ मध्ये. कायदा आला म्हणून चौकीतला प्रश्न लगेच बदलतो असं नाही ते सोडा.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी सगळ्या भित्र्यांची वकील झालेय. तर तसं नाही, आणि याचं कारण एक मुलगा आहे. त्याचं नाव मला माहीत नाही. रात्री साडेनऊच्या सुमारास मी चालत घरी येत होते, मागे पावलं. मी वेग वाढवला, पावलंही वाढली असं वाटलं. मी दुसरा रस्ता घेतला, पावलं मागे. मी किल्ल्या मुठीत धरल्या, एक किल्ली बोटांच्या मधून बाहेर, आणि गर्रकन वळून जोरात ओरडले, काय पाहिजे? अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. पाठीला सॅक. तो दोन पावलं मागे सरकला, दोन्ही हात वर केले, अगदी बंदूक रोखल्यासारखे, आणि म्हणाला, "ताई, मी इथेच राहतो, पुढच्या बिल्डिंगमध्ये." मग त्याने रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या बाजूने, माझ्या पुढे निघून जावं म्हणून जवळजवळ पळत गेला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखीचं होतं, आरशात रोज बघत होते.

मी संभाव्य बळी झाले की माझ्या मागून चालणारा प्रत्येक जण आपोआप संभाव्य गुन्हेगार. त्या पोराने काय केलं होतं? काहीच नाही. त्याच्या बाजूने कोणी चौकीत विचारलं असतं, याने केलंय काय, तर तो प्रश्न किती बरोबर ठरला असता! आणि माझा धोका खरा होता, पण जगात सगळ्यांचाच खरा नसतो, आम्हाला यांच्यापासून धोका आहे असं म्हणत म्हणत गर्दीने माणसं मारल्याची उदाहरणं इतिहासात ढिगाने आहेत. उद्याच्या भीतीवर आज कोणाला शिक्षा द्यायची म्हटलं तर त्याला अंत नाही. म्हणून त्या अमेरिकन कोर्टावर मी चिडते खरी, पण दार सताड उघडं टाका असं म्हणायची हिंमत मला होत नाही. मला फक्त एवढं वाटतं की त्याला शिक्षा करा आणि माझं ऐका या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिलीला पुरावा लागणारच. दुसरीला का लागावा? मी चौकीत त्याला आत टाका म्हणायला गेलेच नव्हते.

शिवाय भीतीला पत्ता नीट सापडतो असंही नाही. मी रस्ता बदलत होते, अंधारातली पावलं मोजत होते, आणि जगाचा हिशेब बघायचा तर तो वेगळाच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हेविषयक कार्यालयाने २०१७ सालचे आकडे काढले होते, त्या वर्षी जगात साधारण ४ लाख ६४ हजार खून झाले, त्यात पाचातले चार जण पुरुष. बायका ८७ हजार. आणि त्यातल्या सुमारे ५० हजार जणींना मारणारा नवरा, जोडीदार नाहीतर घरातला माणूस. म्हणजे जिला रात्री रस्त्यावरून लवकर घरी ये म्हणून सांगतात तिच्यासाठी ते घरच जास्त धोक्याचं असू शकतं, आणि ज्या पोरांना कोणी लवकर ये म्हणत नाही ती जास्त मरतात. सॅकवाल्या मुलाला बहुतेक कोणी पोचलास का म्हणून मेसेज करत नसणार.

मेसेज एके दिवशी बंद झाले. अकरा महिने आणि काही दिवस. वहीतली शेवटची नोंद एका मंगळवारची आहे, मेसेजही काही खास नव्हता, नुसतं एक टिंब. त्यानंतर काही नाही. मी महिनाभर नोंद करायला वही उघडून बसायचे, तारीख घालायचे आणि पुढे 'नाही' लिहायचे. का थांबला माहीत नाही. कंटाळला, कोणी दम दिला, दुसरी सापडली (हा विचार आला की पोटात गोळा येतो, कारण मग माझी सुटका म्हणजे कोणाची तरी सुरुवात), की मुळात तो कधीच काही करणार नव्हता. माझे तीन रस्ते कामाला आले की मी वर्षभर उगाच वाकडी चालले, हे सांगणारं कोणी नाही.

यावरून मला फ्रान्सिस केल्सी आठवतात. १९६० मध्ये त्या अमेरिकेच्या औषध प्रशासनात नव्याने लागल्या होत्या आणि थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाला परवानगी मागणारा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. युरोपात ते औषध आधीच विकलं जात होतं, अमेरिकेतही पटकन होऊन जाईल अशी सगळ्यांची अपेक्षा. केल्सीबाई म्हणाल्या, माहिती अपुरी आहे. कंपनीने पाठवली, बाई म्हणाल्या अजून पाठवा. असं वर्षभर, कंपनी वैतागली, वरून दबाव, बाई हटवादी आहे म्हणून तक्रारी. १९६१ च्या शेवटी जर्मनीत ते औषध मागे घेतलं गेलं, कारण गरोदर बायकांनी घेतल्यामुळे हातपाय नसलेली मुलं जन्माला येत होती, जगभर मिळून दहा हजारांच्या वर. अमेरिकेत नमुना म्हणून वाटलेल्या गोळ्यांमुळे काही मोजकी मुलं सापडली, बाकी देश वाचला. १९६२ मध्ये केनेडींनी बाईंना पदक दिलं. पण मला कुतूहल वाटतं ते त्या वाचलेल्यांचं. ते आज साठीत असतील, चालतायत, नातवंडांना उचलून घेतायत, आणि आपण वाचलोय हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही. बाईंकडे पुरावा आला तो युरोपातल्या मुलांमुळे. ती मुलं झाली नसती, म्हणजे युरोपातही कोणी असंच वेळेत अडवलं असतं, तर केल्सी आयुष्यभर एक हटवादी कारकून म्हणूनच राहिल्या असत्या.

परवा जुना मोबाईल सापडला. चार्जिंगला लावला, चालू झाला. सगळं होतं त्यात, सहाही नंबर, ड्रेसचे रंग, ते शेवटचं टिंब. नवऱ्याने विचारलं, फॉरमॅट मारून देऊन टाकू का हा? मी म्हटलं थांब. पुरावा आहे. कशाचा, त्याने विचारलं. तसा तो ही गोष्ट जाणतो, टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. मला उत्तर देता येईना. काही झालं तर लागेल, असं मी म्हणाले, आणि मोबाईल परत ड्रॉवरमध्ये ठेवला.